चिम्वेताला पाणी आहे

एनेलेसी म्तावाली चिम्वेताच्या आरोग्य केंद्रावर नर्स म्हणून आली, तेव्हा तिच्या नेमणुकीच्या कागदावर दोन वर्षं लिहिलेली होती. त्याला तेवीस वर्षं झाली. मधल्या काळात तिने तीनदा बदलीचा अर्ज केला, तीनदा अर्ज पोचल्याचं पत्र आलं, पुढे काही आलं नाही. नवरा गेला. मुलगी दूर ब्लँटायर शहरात नोकरीला लागली आणि तिकडचीच झाली. सरकारी घराच्या पत्र्याला भोकं पडली ती एनेलेसीने स्वतः शिडीवर चढून डांबराने बुजवली. आता निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि तिच्या कंबरेला विचारलं असतं तर ती केव्हाच निवृत्त झाली होती.

केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि पुढे व्हरांडा. एका खोलीत ताप, जखमा आणि पोरांच्या लशी, दुसऱ्या खोलीत औषधं, म्हणजे बहुतेक वेळा औषधांची रिकामी खोकी, आणि तिसरी खोली बाळंतपणाची. आसपासच्या अकरा गावांतल्या बाया इथेच येऊन मोकळ्या व्हायच्या. एनेलेसीने पहिल्या वर्षी ज्या मुलीची नाळ कापली, ती मुलगी आता स्वतः दोनदा येऊन गेली होती. जिल्ह्याचं गाव, ज्याला सगळे बोमा म्हणतात, तिथलं मोठं इस्पितळ एकतीस किलोमीटरवर. रस्ता असा की पोटुशी बाई तिथे निघाली तर पोचण्याआधीच ती पोटुशी राहणार नाही.

केंद्राच्या मागे विटांच्या चौथऱ्यावर हजार लिटरची काळी टाकी होती. जमिनीतून पाणी ओढणारा सोलरवरचा पंप ती भरायचा. पंप बसला त्या दिवशी बाया नाचल्या, तीन भाषणं झाली, कोंबड्या कापल्या. दोन वर्षं पंप चालला. मग एका सकाळी घरघरला, थांबला, तो थांबलाच. बोमाला कळवलं. आपल्याकडे म्हणतात, सरकारी काम अन् सहा महिने थांब. चिम्वेतात सहा महिन्यांना कोणी थांबणं म्हणतच नाही. बघता बघता पाच वर्षं गेली.

तेव्हापासून बाळंतीण यायची ती आपलं सामान घेऊन. प्लॅस्टिकचा तुकडा, नवं कोरं पातं, दोरा, धुतलेली लुगडी, आणि सोबत सासू किंवा बहीण, डोक्यावर पाण्याची बादली. हातपंप उताराच्या तळाशी, दीड मैलावर. एका बाळंतपणाला चार बादल्या तरी लागतात. एनेलेसी तीनमध्ये भागवायला शिकली होती. कधी दोनमध्ये. तेव्हा हात धुताना तिला स्वतःची लाज वाटायची.

आता गोष्ट अशी, की चिम्वेतात पाहुणा म्हणजे मोठी गोष्ट. तिथे म्हणतात, पाहुणा धारदार पातं घेऊन येतो. म्हणजे घरातल्यांना जी गाठ सुटत नाही ती बाहेरून आलेला कापून देतो. म्हणून पाहुणा आला की अंगण झाडायचं, त्याच्या हातावर पाणी घालायचं, बसायला घरातली एकुलती एक खुर्ची द्यायची, आपलं उघडंनागडं त्याला दिसू द्यायचं नाही. तपासणीचा साहेब येणार असा निरोप आला की गावची प्रमुख, नासिबेको म्हातारी, हुकूम सोडायची: घरटी एक बादली. बाया पहाटे उठायच्या, हातपंपावरून पाणी आणायच्या, शिडीवर रांग लावायच्या आणि हातोहात बादल्या चढवून टाकी भरायच्या. साहेब यायचा, नळ सोडायचा, हात धुवायचा. कोंबडी आणि न्सिमाचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे, मऊ गोळे खायचा. पाहुण्यांच्या वहीत लिहायचा: 'स्वच्छता उत्तम. पाणी उपलब्ध. असेच चालू ठेवा.' खाली वळणदार सही.

असं चारदा झालं. चारही वेळा एनेलेसीनेच साहेबांपुढे साबण धरला होता. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. हात न धुता पाहुण्याला जेवायला कोण बसवतं?

गेल्या वर्षी ती औषधं आणायला बोमाला गेली, तेव्हा कारकुनाला तिने सहज विचारलं, आमच्या पंपाचं काय झालं. कारकून भला माणूस. त्याने फाईल काढली आणि तिच्यापुढे ठेवली. तिचे चार वर्षांचे अर्ज तळाशी होते. त्यांच्यावर तपासणीचे चार अहवाल.

"सिस्टर, तुमचं केंद्र आमच्या यादीत सगळ्यात चांगलं आहे," तो म्हणाला. "चारही वेळा पाणी आहे म्हणून लिहिलंय. बाकीचे रडतात. तुमचं बरं आहे."

तिने सांगायला सुरुवात केली. बादल्या, शिडी, पहाट. त्याने ऐकून घेतलं, मग दार लोटलं आणि आवाज खाली आणला. म्हणाला, पाणी नाही असं लेखी आलं तर पंपाच्या यादीत तुमचं नाव लागेल, खरं आहे. पण नवा नियम आलाय. ज्या केंद्राला पाणी नाही, तिथली बाळंतपणाची खोली पाणी येईपर्यंत बंद. जंतू होतात, बाया दगावतात, म्हणून. नियम चांगलाच आहे. तेव्हा नाही म्हणण्याआधी विचार करा.

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत पाणी नाही. एनेलेसी परतीच्या ट्रकमध्ये मक्याच्या पोत्यांवर बसून एकतीस किलोमीटर विचार करत आली. पुढचं वर्षभर तिने तोच विचार केला. कोणाला बोलली मात्र नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं: सांगितलं तर गाव नको म्हणेल.

ऑक्टोबरात, जमीन तव्यासारखी तापलेली असताना, पाचव्या तपासणीचा निरोप आला. यंदा जिल्ह्याला तीन नवे पंप मिळणार होते. एनेलेसी नासिबेकोकडे गेली. म्हातारीला सगळे आगोगो म्हणत, म्हणजे आजी. सत्तरीची, एका डोळ्याने अधू, पण गावातलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. एनेलेसीने सांगितलं, या खेपेला टाकी भरायची नाही. साहेबाला कोरडा नळ बघू दे. आगोगोने ऐकलं, तंबाखूची चिमूट ओठाखाली सारली आणि म्हणाली, बरं, तू म्हणशील तसं.

म्हातारी माणसं 'तू म्हणशील तसं' म्हणतात तेव्हा सावध राहावं. एनेलेसी दमलेली होती, ती घरी जाऊन झोपली.

साहेबांचं नाव चिपोफ्या. बारीक अंगाचा, घामेजलेला, आठवड्यात नऊ केंद्रं बघायची होती त्यातलं हे सातवं. वाईट माणूस नव्हता. खोल्या बघितल्या, खाटेची गादी दाबून बघितली, रिकाम्या खोक्यांवर काही बोलला नाही. मग नळाशी गेला. एनेलेसी मुद्दाम दोन पावलं मागे उभी राहिली. हात दाखवून अवलक्षण करायला ती तयार झाली होती, वर्षभर तिने त्याचीच तयारी केली होती.

त्याने नळ फिरवला. पाणी आलं. चांगलं जोरात, फेसाळत.

कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या साठेक बायांनी जीभ हलवत आनंदाचा गजर केला. आगोगो पुढे होती, नवं लुगडं नेसून. सिस्टरची लाज राखल्याचं समाधान तिच्या तोंडावर मावत नव्हतं. साहेबाने हात धुतले, हातातल्या पाटीवजा फोनने नळाचा फोटो काढला आणि त्यावरच्या 'पाणी आहे'वर खूण करायला बोट पुढे केलं.

"साहेब, थांबा," एनेलेसी म्हणाली. "हे पाणी पंपाचं नाही. त्यांच्या डोक्यावरून आलंय."

चिपोफ्याने बायांकडे बघितलं. त्याला कळलं असावं. इतक्या वर्षांत त्याने अशा टाक्या थोड्या बघितल्या नसतील.

"सिस्टर, मला प्रश्न एवढाच दिलाय, आज नळाला पाणी आहे का," तो म्हणाला. "कुठून आलं ते विचारलेलं नाही. माझ्या हाताला ओल असताना मी नाही कसं लिहू?"

"आणि टाकी रिकामी झाली तर?"

"झालेली नाही ना."

एनेलेसी रागावली नाही. रागवायला अंगात जोर लागतो. ती टाकीच्या बुडाशी गेली, तिथला मोठा नळ सोडायला वाकली आणि बायांना हाक मारली, की आपापल्या बादल्या आणा आणि आपापलं पाणी घरी न्या.

आधी कोणी हललं नाही. आगोगो पुढे आली आणि हलकेच म्हणाली, "पोरी, पाहुण्यासमोर?"

"पाहुण्यासमोरच, आगोगो."

मग एक बाई आली, मग दुसरी. कोणीतरी हसलं, सिस्टरला ऊन लागलंय म्हणालं. त्यांना वाटलं, आपण न विचारता भरलं म्हणून ती चिडली आहे. पहाटे वर चढवलेलं पाणी दुपारी खाली उतरू लागलं. एक थेंब वाया गेला नाही. पाऊण तास ते चाललं. चिपोफ्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून मक्याचं गोड आंबील पीत राहिला. मध्ये एकदा त्याने घड्याळ बघितलं, पण उठला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. शेवटी नळ फुसफुसला आणि थांबला.

"आता विचारा," एनेलेसी म्हणाली.

तो तिच्या अगदी जवळ आला. "अमायी," तो आई म्हणावं तसं म्हणाला, "'नाही' लिहिलं की काय होतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"त्यांना?"

एनेलेसीने वाकून कोरडा नळ फिरवून बंद केला. त्याने क्षणभर वाट बघितली आणि 'नाही'वर खूण केली.

आठव्या दिवशी बोमाची गाडी आली. पाच वर्षं गाडी नाही, डिझेल नाही असं ऐकत आलेल्या गावात गाडी आठव्या दिवशी आली. ड्रायव्हरने एक पाकीट दिलं आणि एक कुलूप. पाकिटात दोन कागद होते. एकात लिहिलं होतं, चिम्वेता केंद्राचं नाव पंपाच्या यादीत दुसरं लागलं आहे, काम पुढच्या आर्थिक वर्षात होईल. दुसऱ्यात, तोवर बाळंतपणाची खोली बंद राहील, सर्व बायांना बोमाला पाठवावे, आदेश मोडल्यास नोकरीवर आणि निवृत्तिवेतनावर परिणाम होईल. एनेलेसीने पोच म्हणून सही केली आणि स्वतःच्या हाताने कुलूप लावलं.

संध्याकाळी आगोगो येऊन व्हरांड्यात बसली. बराच वेळ तिने पायांवरची धूळ झटकली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पाणी परत नेलं असतंत का तुम्ही?"

म्हातारीने प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं नेलं," ती म्हणाली. "पण म्हणूनच विचारायला हवं होतंस. पाणी आमचं होतं. बाळंतपणंही आमचीच."

 एनेलेसी चुकली होती. पाच वर्षं साहेबांनी गावाला न विचारता लिहिलं, आणि तिनेही गावाला न विचारताच लिहवून घेतलं. एवढंच, की तिने खरं लिहवलं. रात्री तिला त्याचा काही आधार वाटला नाही.

पहिली गेली ती पलीकडच्या गावातली मेलिया. सायकलीला मागे जोडलेल्या गाड्यावर तिला निजवून नवरा आणि दीर निघाले. पाचव्या किलोमीटरवर, नदीच्या कोरड्या पात्राआधी जो खडा चढ आहे तिथे सायकल ढकलता ढकलताच ती बाळंत झाली. बाळ रडलंच नाही. ते परत आले तेव्हा एनेलेसी दारात उभी होती. मेलियाने तिला काही बोल लावला नाही, फक्त पाणी मागितलं. एनेलेसीने तिला घरात नेलं, पुसलं, निजवलं आणि तिच्या तब्येतीच्या वहीत, जन्माचं ठिकाण या ओळीपुढे लिहिलं: वाटेत. ते खरं होतं.

नऊ दिवसांनी भर दुपारी आगोगो स्वतः आली. मागे तिची नात फालेसी, दोन बायांच्या खांद्यांवर हात टाकून, कळा सुरू झालेली. आणि मागे बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर बादली. कोणी बोलावलं नव्हतं. एनेलेसीने मोजल्या नाहीत, पण तीनमध्ये भागवावं लागणार नव्हतं.

"बोमाला न्यायला हवं, आगोगो," ती म्हणाली. "मी उघडलं तर माझी नोकरी जाईल."

"मला ठाऊक आहे. ड्रायव्हरने गावभर सांगितलंय." म्हातारीने बादली उतरवली. "मी हुकूम करायला नाही आले. या खेपेला आपण विचारून करू. मी तुला विचारतेय."

एनेलेसीने फालेसीकडे बघितलं. मग तिला त्या चढावरून परत आलेला गाडा आठवला आणि तिने किल्ली काढली. तेवीस वर्षांत तिने या खोलीत कधी इतकं सढळ पाणी वापरलं नव्हतं. कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. मुलगी झाली, चांगली टपोरी, आणि लगेच रडली. एनेलेसीलाही रडू आलं. बायांना वाटलं, आनंदाने.

मग वहीचा प्रश्न आला. जन्माचं ठिकाण. केंद्र लिहावं तर कुलूप उघडल्याचा पुरावा तिने स्वतःच दिला असं होतं. घरी लिहावं, तर घरी बाळंत झाल्याबद्दल नासिबेकोच्या हुकमाने दंडाची बकरी द्यावी लागे. खुद्द नासिबेकोच्या नातीने कशी द्यायची? एनेलेसीने पेन टेकवलं आणि लिहिलं: वाटेत.

आगोगोला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, काय लिहिलंस. एनेलेसीने सांगितलं. म्हातारीने खाटेकडे बघितलं, धुतलेल्या फरशीकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "वाट स्वच्छ होती."

त्यानंतर हे असंच चाललं. कळा सुरू झाल्या की बाया बादल्या घेऊन यायच्या, एनेलेसी कुलूप काढायची, काम झालं की लावायची आणि वहीत वाटेत लिहायची. साहेबाला खरं लिहायला लावणारी बाई दर आठवड्याला खोटं लिहू लागली, आणि तिचा हात आता अडखळेनासा झाला. आर्थिक वर्ष बदललं. पंपाच्या यादीत चिम्वेता दुसऱ्यावरून चौथ्यावर गेलं, कारण दोन केंद्रांत त्याहून वाईट परिस्थिती आढळली होती. तिथे बाया केंद्रात दगावल्या होत्या. चिम्वेतात मेलियाच्या बाळानंतर कोणी दगावलं नव्हतं.

पुढच्या ऑगस्टात, तिच्या निवृत्तीला आठ महिने असताना, बोमाहून एक तरुण साहेब आला. पाहुणा येणार म्हणून गावाने अंगणं झाडली. त्याने नळ बघितला नाही, कुलूपही बघितलं नाही. तो पाण्याच्या खात्यातला नव्हताच. आरोग्याच्या आकड्यांत असं दिसलं होतं, की जिल्ह्यात सगळ्यात जास्त बाया चिम्वेताच्या रस्त्यावर बाळंत होतात. दहा महिन्यांत एकतीस. राजधानीतून विचारणा झाली होती. तो रस्त्यांच्या खात्यातला होता.

"सिस्टर, या बाया नेमक्या कुठे बाळंत होतात?" त्याने आदराने विचारलं. "मला जागा दाखवाल?"

खरं सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण व्हरांड्याच्या टोकाला एक बाई भिंतीला टेकून बसली होती, कळा आणखी लांब होत्या, आणि तिची सासू बादलीवर झाकण ठेवून वाट बघत होती. आज खरं सांगितलं तर संध्याकाळी कुलूप कोण काढणार?

ती त्याच्या गाडीत बसली आणि त्याला पाच किलोमीटरवरच्या चढाशी घेऊन गेली. दाखवण्यासारखी तेवढी एकच खरी जागा तिच्याजवळ होती. त्याने खाली उतरून चढाचे फोटो काढले, पावलांनी लांबी मोजली.

"एकतीसच्या एकतीस इथेच?" त्याने विचारलं.

"हो," एनेलेसी म्हणाली. "चढ आहे ना."

त्याने ते लिहून घेतलं. म्हणाला, हा चढ कापायला हवा, मी जोर लावून लिहितो, काळजी करू नका. तो मनापासून बोलत होता. एनेलेसी मेलियाच्या जागेवर उभी होती, खाली वाकून तिने तिथला एक दगड उगाच बाजूला केला. मग तिने त्याला विचारलं, जरा लवकर परत सोडाल का, केंद्रावर काम आहे.